विरजणाची माती

—नाही हो मॅडम, चोरी नाही, पैज. चोरी वेगळी, पैज वेगळी. चोरी केली की माणूस तोंड शिवून बसतो, पैज जिंकली की सगळीकडे सांगत सुटतो — आणि मला कधी तोंड शिवून बसलेली बघितलंय का तुम्ही? तीन महिन्यांत एकदा तरी? नाही ना? मग. बसा तुम्ही, त्या पालथ्या क्रेटवर बसा — तो नको, त्याची फळी तुटलीय, परवा साहेबांचा ड्रायव्हर त्यातून खाली गेला तो अजून एका कुल्ल्यावर बसतो — मी? मी कशाला फळी तोडू? लाकूड आहे, तुटतं. हां, तो. त्यावर बसा. जेवणाची सुट्टी आहे, घंटेला अजून अर्धा तास, आणि साहेबांची जीप घंटेलाच येते, एक मिनिट आधी नाही की नंतर नाही. तोवर सहीची कसली घाई? कागद कुठं पळून जातोय? ते पेन ठेवा खाली. तुम्ही विचारलंत ना, खड्ड्यांजवळ कुठलं जनावर फिरताना दिसलं का — जनावर नाही दिसलं. मी दिसले असेन. पण ते बनियनसाठी. बनियनचं सांगते.

म्हणजे कसं, तुम्ही पहिल्या दिवशी आलात, ती पांढरी फडकी घेऊन. चोवीस. बारा खाली सात नंबरात, रबराच्या झाडांखाली, बारा वरच्या रानात. वीतभर खड्डा, त्यात फडकं, वर माती, आणि कडेला खुंटीवर नंबराची पत्र्याची चकती. आम्ही सगळ्या रोपांच्या पिशव्या मातीनं भरायचं सोडून बघत उभ्या. तो बोका — टँकरवाल्याचा पोरगा हो, मिशा अशा दोन बाजूला तीन-तीन केस — तो म्हणाला, बाई चिंध्या पेरतायत, पावसानंतर शर्ट उगवतील. हसू नका, तेव्हा आम्ही पण हसलो. मग तुम्ही आम्हाला बोलावून समजावलंत, की मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, एका चिमटीत इतके की मोजायला बसलं तर म्हातारपण येईल, आणि ते कापूस खातात. माती जेवढी जिवंत तेवढं फडकं कमी उरतं. मला तर हे लगेच पटलं, मॅडम. नववीत दोनदा बसले मी, काही म्हणजे काही पटलं नव्हतं, पण हे पटलं. बोक्याला नाही पटलं. म्हणाला, माती ती माती, खालची काय नि वरची काय. मी म्हटलं, लाव पैज. तो म्हणाला, लाव. एक बनियन फाडायचं, अर्धं खाली पुरायचं, अर्धं वर, तुमच्याच खड्ड्यांच्या शेजारी, आणि हरेल त्यानं महिनाभर टँकर धुवायचा. इथपर्यंत ठीक होतं. मग तो म्हणतो कसा — बनियन मुकादमाचं पाहिजे. वाळत घातलेलं. दिवसाढवळ्या.

आता सांगा, शहाणी मुलगी काय म्हणेल? जा रे, म्हणेल. मी म्हटलं, बाह्यांचं आणू की बिनबाह्यांचं?

माझं असंच आहे. कुणी "तुझ्यात हिंमत नाही" म्हटलं की माझे पाय आधी चालायला लागतात, डोकं मागून धापा टाकत येतं. आई म्हणते, हिला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं तर ही विचारेल डोक्यावर की पायावर. म्हणून तर सगळे मला उचापत म्हणतात. खरं नाव हजेरीवाला सोडला तर कुणाला आठवत नाही.

तर बनियन आणलं. कसं ते विचारू नका, मुकादमाच्या बायकोनं माझ्याच हातात चिमट्यांची टोपली दिली होती एवढं सांगते. उभं फाडलं, मधोमध. डाव्या बाजूला काखेत मुकादमिणीनं हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं — हे लक्षात ठेवा हां, हा हिरवा दोरा पुढं गळ्याशी येणार आहे. ती डावी बाजू सात नंबरात, उजवी वर रानात. आणि दोन महिन्यांनी उकरलं. वर काय उरलं होतं? शिवण. नुसती शिवण, बगळ्याच्या पायासारखी, आणि तिच्याभोवती मुळ्या अशा गुंडाळलेल्या की वाटावं कुणी भांडून भांडून खाल्लंय. बोक्याचं तोंड एवढंसं झालं. मी नाचले. मग खाली आलो, सात नंबरात, आणि तिथं उकरलं — आणि मॅडम, माझा नाच तिथल्या तिथं थांबला.

पांढरं. जसं पुरलं तसं. थोडं पिवळट झालं असेल, पण धुऊन घातलं असतं तर मुकादमाला कळलं नसतं. एक भोक नाही. गांडूळ नाही, मुंगी नाही, मूळ चिकटलेलं नाही. मी ते नाकाला लावलं — आम्हाला सवय आहे वास घ्यायची, आईनं लावलेली, पिशवी भरायच्या आधी माती नाकाशी धरायची — आणि वासच नाही हो. मातीला वास नाही. वरच्या मातीला कसा असतो, भिजलेल्या गोणपाटासारखा, गरम, जरा कुजका, पण कुजका म्हणजे चांगला कुजका. इथं काहीच नाही. नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीला जेवढा वास असतो तेवढा. बोका म्हणाला, चल. मी म्हटलं, थांब रे. तो म्हणाला, चल म्हणतोय ना. आणि बोका कुणाला घाबरत नाही, बापाला सुद्धा नाही.

तुम्ही खाली फिरलात ना सात नंबरात? पानं बघितलीत? पायाखाली करकर वाजतात ती? दोन वर्षांपूर्वी झाडांच्या खोडांवर निळ्या रंगानं नंबर टाकले, तेव्हा खाली थेंब सांडले होते पानांवर. ती पानं अजून तिथंच आहेत, मॅडम. निळ्या ठिपक्यांची. त्यावर मागच्या वर्षीची, त्यावर यंदाची, वहीच्या पानांसारखी एकावर एक. काही कुजत नाही. काही मरतच नाही म्हणा ना, नाहीतर सगळं मेलंय म्हणा, आपल्याला काय, एकच. तुम्ही म्हणाला होतात, रानात दहा पावलांवर वेगळी वस्ती, ह्या झाडाखाली एक जमात, त्या दगडाखाली दुसरी, आणि रबर लावलं की इथून तिथपर्यंत सगळीकडे तेच ते उरतात. तेव्हा मला आमच्या खोल्यांची रांग आठवली. चाळीस खोल्या, एक रंग, एक दार, एक खिडकी. एकदा एका खोलीत खरूज आली, आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस खाजवत होत्या. तसंच ना? खालचं तसंच झालं. पांढरी आली तेव्हा.

पांढरी — तुम्ही तिला काय म्हणता माहीत नाही. मुळांवर पांढरे दोरे चढतात, बुरशीचे, ह्या झाडाच्या मुळावरून त्या झाडाच्या मुळावर, अडवायला मध्ये दुसरं काही नाहीच, सगळी रबराचीच मुळं. वरून झाड हिरवंगार. चीक पण देतं. आमचे बाबा चीक काढायचे तिथं. पहाटे झाडाला चरा पाडायचा, खाली वाटी लावायची, रांगेनं तीनशे झाडं. एक दिवस वारा नाही, काही नाही, पान हलत नव्हतं म्हणतात — आणि झाड आडवं झालं. आवाजही फार नाही झाला. बाबा वाटी लावायला वाकले होते. कमरेवर. आता ते खोलीत असतात. बसतात. बसवलं की बसतात. मी जाऊन बघितलं होतं ते झाड, मुळं होती कुठं? भिजलेल्या पावासारखी, बोटानं चुरा होत होती, आणि त्यावर ते पांढरे दोरे. सुंदर दिसत होते, खरं सांगते. कुणी जाळी विणावी तसे.

मग औषध आलं. पिंपातून. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, एक डबा. हे मुकादमानं करून घेतलं — ऐकत नाही ना कुणी? मग "तो" म्हणते, एरवी "ते" — त्याला साहेबांनी सांगितलं होतं, आणखी एक झाड पडलं तर तुझी नोकरी पडली. हा घाबरला. एक डबा लिहिलं होतं, यानं चार ओतायला लावले. एकदा नाही, तीन पावसाळे. असू दे, जास्त घाला, जास्त घातलं तर वाईट काय होणार. पांढरी गेली, खरंय. पांढरी गेली, तिच्यामागून गांडुळं गेली, मग मुंग्या, मग वास. आणि ओतायला कोण होतं? बायका होत्या. आमची आई होती. डबा तिच्या हातात होता.

काय? हो. ती. ती तिकडं शेवटी बसलीय पिशव्या भरत, डोक्याला निळं फडकं बांधलेली. सुट्टीत पण भरते. तिच्यासमोर हळू बोला.

तुम्ही कधी तिला पिशवी भरताना बघितलंय का नीट? बघा. फावड्यानं खालची माती, शेणखत, वाळू, हे सगळ्या करतात. मग ती त्या झाकलेल्या बादलीत हात घालते. एक मूठ. प्रत्येक पिशवीत एकच मूठ, आणि मग रोप. ती वरच्या रानातली माती आहे. मुकादमाला माहीत नाही, साहेबांना तर नाहीच. दर आठवड्याला एक बादली, मी आणते, खांद्यावरून. आई त्याला विरजण म्हणते. दुधात कसं घालतो चमचाभर, बाकीचं काम ते आपलं आपण करतं — तसं. आधी आम्ही नुसत्या खालच्या मातीत लावायचो तर महिन्यात पिवळी पडायची रोपं, शंभरातली सत्तर. मूठ घातल्यापासून शंभरातली पाच. साहेब आईला म्हणतात, तुझ्या हाताला गुण आहे. हात कसला, बादली आहे. आणि ती बादली कुठून येते? वरून. ते रान संपलं तर? आई म्हणते, विरजण शेजारणीकडं मागता येतं. पण चाळीसच्या चाळीस घरांत नसलं तर कुणाकडं मागायचं? तेव्हा मी हसले होते.

असो. कुठं होते मी? हां, पैज. जिंकले. बोक्यानं टँकर धुतला. तुमच्या फडक्यांशी माझा काही संबंध नाही, मी आपली बनियनपुरती. खड्ड्यांजवळची माती उकरलेली दिसली म्हणता ना तुम्ही, ती आमच्या बनियनची. झालं. एवढंच. रानातलं ते अकरा नंबरचं तर हात लावण्यासारखं राहिलंच नव्हतं, मुळीत असं अडकलं होतं की दातानं सोडवायला—

—

म्हणजे बनियनचं म्हणतेय. बनियन अकरा नंबरच्या शेजारी होतं, म्हणून अकरा म्हटलं. असं काय बघता? अहो, शेजारी होतं. दात मी कशालाही लावते. बाटलीची बुचं सुद्धा मीच... बघू नका ना असं. त्यापेक्षा रागवा. शाळेतल्या बाई अशाच बघायच्या, न बोलता, आणि पाच मिनिटांत मी स्वतःच सांगून टाकायचे, जे त्यांना माहीत नव्हतं ते पण.

बरं, ऐका. हिरवा दोरा. मुकादमाला सापडलं ते. मी मूर्खासारखी ती डावी बाजू धुऊन ठेवली होती, खिडकीत, जिंकल्याची खूण म्हणून — आणि तो आला बाबांना बघायला. दारातच थांबला. बघितलं त्यानं रफू. मला वाटलं, मेले. पण तो आत आला. बनियन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बोटानं ओढून बघितलं. विचारलं, हे कुठं होतं? मी म्हटलं, सात नंबरात, जमिनीत. किती दिवस? दोन महिने. मग त्याचा चेहरा — तुम्ही तो चेहरा बघितला नाहीत, मॅडम. राग नव्हता. फडकं इतकं पांढरं, आणि माणूस त्याहून पांढरा. मग हसायला लागला. मोठ्यानं. म्हणाला, उचापत, तू तर वस्ताद निघालीस. माझ्या अंगावरचं बनियन तू नेलंस आणि मला पत्ता नाही. मला आवडलं हो ते. कुणी वस्ताद म्हणत नाही मला. मग म्हणाला, पण हे पोरखेळ. बनियन कुणीही पळवेल. हिंमत असेल तर मॅडमची फडकी बदलून दाखव. खालची वर, वरची खाली. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना फसवून दाखवलंस तर मानलं तुला.

मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, पैजेला कशासाठी असतं का? आणि मग जाता जाता दारात थांबला, बाबांकडं बघितलं, आणि अगदी हळू, प्रेमानं म्हणाला — नाहीतर उद्या साहेब विचारतील, सात नंबरची माती कुणी मारली. औषध कुणी ओतलं. मग मी तरी काय सांगू? ओतणारीचंच नाव सांगावं लागेल ना.

आता तुम्ही म्हणाल, धमकी दिली म्हणून केलंस. तसं म्हटलं तर सोपं पडेल मला. पण ते खोटं आहे, मॅडम. ते दारातलं बोलला ना, त्याच्या आधीच मी मनात हो म्हटलं होतं. वस्ताद म्हटल्याबरोबर. माझे पाय तेव्हाच निघाले होते.

मागच्या आठवड्यात तुम्ही शहरात गेला होतात चार दिवस. दुपारची हीच सुट्टी, हीच वेळ, सगळ्या जेवायला बसलेल्या. आधी वरची काढली, बारा, केळीच्या पानात ठेवली एकेक. फडक्यांवर नंबर का नाही घातलात हो तुम्ही? — हां, शाईमुळं कापूस खाणारे जीव बिचकतात, सांगितलं होतंत. म्हणजे नंबर नुसता खुंटीवर. किती सोपं केलंत मला. फडकी कसली, चाळणी झालेली. सातव्याला मोठी तीन भोकं, चौथ्याचे नुसते काठ, अकरावं ते मुळीतलं. दातानं. हो, दातानंच. मग ती घेऊन खाली आले, खालची पांढरीशुभ्र काढली, त्याजागी ही ठेवली, माती फावड्याच्या पाठीनं चोपली, वर पानं पसरली निळ्या ठिपक्यांची, जशी होती तशी. मग पांढरी फडकी घेऊन वर. हसत होते मी. एकटीच हसत होते. आणि वरच्या मातीत ती पांढरी फडकी पुरताना काय वाटलं सांगू? कुणीतरी झोपलंय आणि मी त्याच्या उशाखाली काहीतरी ठेवतेय. तिथली माती हाताला गरम लागते. बोटांवर लगेच काहीतरी चालायला लागतं. सात नंबरात हात घातला की काही चालत नाही. नुसता हात तुमचा.

मग तुम्ही परवा उकरलीत. मी मागेच उभी होते, फावडं धरून. वर पांढरी फडकी निघाली, एकामागून एक, आणि तुम्ही पहिल्यांदा खड्ड्याकडं बघितलंत, मग झाडांकडं, मग परत खड्ड्याकडं. आणि खालची निघाली भोकांची, तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात. तीनदा विचारलंत, कुणी हात लावला का. तीनदा मुकादम म्हणाला, छे छे. माझ्याकडं बघून डोळा मारला त्यानं. मला वाटलं होतं त्या वेळी मजा वाटेल. एवढी मोठी पैज जिंकले. हसायच्या ऐवजी मी फावडं घेऊन खड्डे बुजवायला लागले.

पण शप्पथ सांगते, रान तोडणार हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, माती तपासतात, वहीत लिहितात, जातात. काल संध्याकाळी मशीन आलं ते वरच्या वाटेवर, पिवळं, तेव्हा कळलं. चालवणाऱ्याला विचारलं मी, तो म्हणाला, साहेबांचा नियम आहे, ज्या मातीत जीव जास्त ती राखायची, ज्या मातीत कमी ती सोलायची आणि रबर लावायचं. वरच्या रानात जीव नाहीत म्हणून निघालंय, मॅडमची सही आली की सुरू. तुमची सही, मॅडम. ह्या कागदावरची. आणि तुम्ही शहरात तपासायला दिलेल्या त्या मातीच्या नळ्या, त्यांचा निकाल दोन महिन्यांनी येणार म्हणालात. तोपर्यंत वर काय उरेल? चाळीस खोल्या.

रात्रभर मी हिशोब — हिशोब नाही हो, कसला हिशोब, विचार करत होते. रान गेलं की बादली गेली. बादली गेली की रोपं पिवळी. रोपं पिवळी पडली की विचारतील, पिशव्या कुणी भरल्या. म्हणजे आईच. आणि आत्ता बोलले तर विचारतील, औषध कुणी ओतलं. म्हणजे परत आईच. बघा ना, दोन्ही बाजूंनी तीच. मुकादम कुठंच नाही. काय वस्ताद माणूस आहे. पैज अशी लावली की मी जिंकले तरी मीच हरले, आणि त्याला टँकर पण धुवायला लागला नाही.

सकाळी ठरवलं होतं, गप्प बसायचं. तुम्ही जाल, सगळे विसरतील. म्हणून तर बनियनची गोष्ट सांगायला बसले. हसवलं की माणूस विचारत नाही.

मशीनचा आवाज ऐकू येतोय? तापवतोय तो. घंटा व्हायची वाट बघतोय. आणि ती धूळ — जीप. आज लवकर? कधी लवकर येत नाही. पुढं कोण बसलंय? तोच, मुकादम. दात दिसतायत इथून.

मॅडम, लवकर, उकरलेली फडकी ठेवलीत ना, ते पाकीट उघडा. ते नाही, "रबर, अकरा" लिहिलंय ते. नाकाला लावा. लावा ना! आता "रान, तीन". लावा. हं? पहिलं कसं आहे? भिजलेलं गोणपाट. आणि दुसरं? फरशी. भोकं बदलता येतात, चकत्या बदलता येतात, वास नाही बदलता येत, तो फडक्यात शिरलेला असतो. साहेबांना पण लावायला सांगा नाकाला. मुकादमाला नका देऊ, तो सर्दी झालीय म्हणेल.

आणि एक करा. औषधाचं विचारलं तर म्हणा, चार डबे कुणी सांगितले ते विचारा. ओतणारीला नका विचारू, सांगणाऱ्याला विचारा. पिंपावर लिहिलंय एक डबा. आईला वाचता येत नाही, मॅडम. त्याला येतं.

आले. बघा, उतरले. या साहेब — नाही, तो क्रेट नको, तुटलाय. हो, तो पण मीच. थांबा मुकादम, कागद नंतर, मॅडमनी पेन खाली ठेवलंय. हसा, हसा तुम्ही. मीच सांगत होते आत्ता. आई, ए आई, पिशवी ठेव खाली, इकडं ये, तू पण ऐक, मला परत परत सांगता यायचं नाही — तसे हात नको पुसूस, काही नाही झालं, ये.

साहेब, वर कुणाला तरी पाठवा, ते मशीन बंद करायला. आधी पाठवा, मग मारायचं तर मारा.

पैज यांची होती. हात माझे. चोवीसच्या चोवीस फडकी मी बदलली. कुत्रं नाही, डुक्कर नाही, बोका नाही. मी.

काहीतरी बोला ना कुणीतरी.